लिलावाआधीचे बोलणे: लासलगावच्या कांद्याची तोंडी विद्या

मराठीत ‘गप्पा’ या शब्दाला काहीसा हलकेपणा चिकटलेला आहे. गप्पा मारल्या जातात, ठोकल्या जातात, छाटल्या जातात, आणि काम थांबले की त्या सुरू होतात असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वस्तुतः एकाच व्यवसायातील माणसे निवांतपणे एकत्र येतात तेव्हा त्यांच्या बोलण्याचा मोठा भाग कामानेच व्यापलेला असतो: कोणते अवजार कुठे अडले, कोणता प्रयोग फसला, शेजाऱ्याला जमले ते आपल्याला का जमले नाही. अशा बोलण्याला विषयपत्रिका नसते, त्यात शिकवणारा आणि शिकणारा अशी वाटणी नसते आणि ज्ञान देण्याचा हेतूही कोणी जाहीर केलेला नसतो. तरीही कित्येक व्यवसायांची बारीकसारीक विद्या याच वाटेने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलेली आहे. ही वाट समजून घेण्यासाठी लासलगावइतके मोकळे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण तेथील मुख्य माल, म्हणजे कांदा, हा जमिनीतून काढल्यानंतरही जिवंत राहणारा, दिवसागणिक थोडा बदलणारा आणि म्हणूनच माणसांना सतत बोलायला लावणारा माल आहे.

लासलगाव हे नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, मुंबई–भुसावळ लोहमार्गावर नाशिक आणि मनमाड यांच्या दरम्यान आहे. तेथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली, आणि आज देशात कांद्याच्या भावाची चर्चा निघाली की लासलगावचा भाव आधी सांगितला जातो. भावाच्या बातमीत मात्र लिलावाआधीचा वेळ कधीच येत नाही. शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये मोकळा कांदा भरून सकाळी आवारात येतो, वाहन रांगेत लावतो आणि थांबतो. लिलाव सुरू झाला की व्यापारी आणि समितीचे कर्मचारी एका वाहनाकडून दुसऱ्या वाहनाकडे सरकत जातात, कांदा उचलून, दाबून, पत्ती म्हणजे वरचे साल पारखून पाहतात, बोली चढते आणि एका वाहनाचा निकाल मिनिटाच्या आसपास लागतो. मग भुईकाट्यावर वजन होऊन वाहन व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे जिथे कांदा ओतून, निवडून आणि गोण्यांत भरून बाहेरगावी रवाना होतो त्या जागी, जाते. मिनिटभराच्या व्यवहारासाठी होणाऱ्या या दीर्घ प्रतीक्षेतच शेजारशेजारच्या ट्रॉल्यांची माणसे, ज्यांची गावे वेगळी, जमीन वेगळी आणि पाणीही वेगळे पण पीक मात्र एकच, एकमेकांच्या मालापाशी जाऊन उभी राहतात.

तिथे अनोळखी माणसालाही ‘नाना’, ‘आबा’ किंवा ‘भाऊ’ अशी नात्याची हाक मारली जाते. भावाचा विषय अर्थातच निघतो, पण समोरच्या ट्रॉलीतला कांदा आपल्यापेक्षा उजवा दिसला की प्रश्न वेगळे येतात: रोप कुठले, लागण कधीची, शेवटचे पाणी कधी तोडले, किती दिवस सुकवला, चाळ कधी फोडली. वरवर पाहता ही चौकशी आहे, परंतु प्रत्येक प्रश्नामागे वनस्पतिशास्त्राचा एकेक धडा दडलेला आहे, आणि तो उलगडल्याशिवाय या गप्पांचे मोल लक्षात येत नाही.

पाण्याचाच प्रश्न घ्यावा. कांदा पोसून तयार झाला की त्याच्या पातीचा बुंधा, ज्याला मान म्हणतात, पोकळ आणि मऊ होऊन पात आपोआप आडवी पडते. यालाच माना पडणे म्हणतात. साधारण निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की पीक काढणीस आले असे मानले जाते आणि त्याआधी काही दिवस पाणी बंद करावे लागते, कारण शेवटपर्यंत पाणी प्यायलेल्या कांद्याची मान जाड व ओली राहते आणि तिच्यातूनच सडीचे जंतू आत शिरतात. काढल्यानंतर कांदा पातीसकट शेतातच ओळीने पसरतात, तोही अशा रीतीने की एका ओळीतील कांदा पुढच्या ओळीच्या पातीने झाकला जावा. त्यामुळे उन्हाचा चटका न बसता मान वाळते. त्यानंतर इंचभर मान ठेवून पात कापतात आणि कांदा आणखी काही दिवस सावलीत सुकवतात, म्हणजे वरची साले वाळून घट्ट बसतात व कांद्याला स्वतःचे आवरण तयार होते. एवढे सर्व कृषी विभागाच्या घडीपत्रिकेत छापता येते आणि ते छापलेले आहेही. पण पाणी नेमके कोणत्या दिवशी तोडायचे, हे जमीन भारी की हलकी, वारा कसा सुटला आहे आणि मान बोटांत धरल्यावर कशी लागते यावर ठरते. आणि ‘कशी लागते’ हे छापता येत नाही.

हंगेरीत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी हे पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले आणि १९५८ व १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून त्यांनी अशा ज्ञानाची मांडणी केली. माणसाला जे येते त्याचा काही भाग तो शब्दांत मांडू शकत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. या भागाला मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. सायकल चालवणे, पोळी फुगवणे, तबल्याची शाई पारखणे ही त्याची उदाहरणे होत. ही कल्पना केवळ हस्तकौशल्यांपुरती मर्यादित नाही, हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. त्या काळी कार्बन डायऑक्साइड वायूवर, साध्या हवेच्या दाबाखाली चालणारा एक नवा लेसर ब्रिटनमधील अनेक प्रयोगशाळा बांधू पाहत होत्या, आणि त्याचे तपशील शास्त्रीय नियतकालिकांत उपलब्ध होते. तरीही केवळ छापील मजकुराच्या आधारे तो चालता करणे कोणालाही जमले नाही; ज्यांना जमले त्यांचा, असा लेसर आधी बांधलेल्या कोणाशी तरी भेटीगाठींतून किंवा दूरध्वनीवरून प्रत्यक्ष संबंध आलेला होता. विशेष म्हणजे काय सांगायचे राहून गेले आहे हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, कारण त्याच्या हाताला ते इतके सरावाचे झाले होते की तो त्याला माहितीचा भाग मानतच नव्हता. अशी गोष्ट विचारून मिळत नाही. बोलता बोलता ती कधी तरी आपोआप बाहेर पडते. लासलगावच्या रांगेत ‘आमच्याकडं तर माना पडल्यावरबी एक पाणी देतेत’ असे एखादे वाक्य सहज निघून जाते आणि ऐकणारा चमकतो, तेव्हा नेमके हेच घडत असते.

या तोंडी विद्येचा सर्वांत ठळक आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे कांदाचाळ. एप्रिल–मे महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा तर तो कुठे ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू म्हणजे हवा खेळणारे, लांबट आणि अरुंद असे कोठार आहे. कांद्याच्या साठवणीतले कोडे असे की काढणीनंतर तो काही काळ सुप्तावस्थेत असतो, म्हणजे आतला कोंब जिवंत असूनही वाढत नाही; ही अवस्था संपली की गारव्यात, साधारण दहा ते वीस अंश सेल्सिअसच्या आसपास, कोंब जोराने फुटतात, तर पंचवीस ते तीस अंशांच्या उबेत ते फारसे फुटत नाहीत. म्हणून नाशिककडच्या साध्या हवेत कांदा टिकू शकतो. मात्र हवेत दमटपणा वाढला की सड आणि काजळी, म्हणजे सालांखाली धरणारी काळी बुरशी, वाढते, आणि हवा फार कोरडी व उष्ण झाली की वजन घटते. या तिन्ही शत्रूंना एकाच वेळी दूर ठेवण्यासाठी चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, भिंतींच्या जागी फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या असतात, आतली रुंदी चार फुटांच्या आसपास आणि थराची उंची पाच फुटांच्या आसपास ठेवली जाते, कारण थर याहून जाड झाला की मधल्या कांद्यापर्यंत वारा पोचत नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी चाळ पूर्व–पश्चिम बांधावी, छपरासाठी तापणारा पत्रा टाळावा, असेही संकेत आहेत. एवढी काळजी घेऊनही पाच–सहा महिन्यांत घट, सड आणि कोंब यांत मिळून तीस ते चाळीस टक्के माल जाऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक टक्क्यासाठी शेतकरी जिवाचे रान करतो.

हे संकेत आज संशोधन संस्थांच्या शिफारशींत व्यवस्थित मांडलेले आहेत, आणि राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने त्यावर केलेले काम मोलाचे आहे. तरी निफाड, चांदवड किंवा येवला तालुक्यांतील दहा चाळी पाहिल्या तर एकही दुसरीसारखी नसते. कोणी तळाला बांबू घातलेला असतो तर कोणी लोखंडी जाळी. कोणी पश्चिमेच्या पावसासाठी गोणपाटाचे पडदे सोडलेले असतात, तर कोणी ढिगाच्या पोटात हवेसाठी भोके पाडलेले पाइप उभे केलेले असतात. यातला प्रत्येक बदल कोणाच्या तरी ओट्यावर, शेतकरी, सुतार आणि वेल्डर यांच्या बोलण्यातून ठरलेला असतो. वेल्डरने गेल्या वर्षी पाच गावांतल्या चाळी बांधलेल्या असतात, त्यामुळे कुठे काय बिघडले हे त्याला ठाऊक असते. म्हणजे माणूस लोखंडाच्या कामासाठी येतो आणि सोबत पाच गावांचा अनुभव घेऊन येतो. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा फिरत्या कारागिरांचे योगदान फारसे नोंदले गेलेले नाही, ही मोठी उणीव आहे.

पुरुषांच्या रांगेतील बोलणे जितके दिसते तितके कांदा कापणाऱ्या स्त्रियांचे बोलणे दिसत नाही. टोळीने काम घेणाऱ्या या स्त्रिया शेतात ओळीने बसून विळ्याने मान कापतात आणि त्याच वेळी जोड कांदा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि चिंगळी म्हणजे त्याहूनही बारीक कांदा बाजूला टाकतात. हात चालू असताना तोंड मोकळे असते, आणि घरच्या सुखदुःखाच्या गोष्टींत मधूनच ‘ह्या तुकड्यातली मान ओलीच लागती’ असे शब्द येतात. एका हंगामात अनेकांच्या शेतांत हात घातलेला असल्यामुळे कोणाचा कांदा चाळीत टिकेल याचा त्यांचा अंदाज मालकाच्या अंदाजापेक्षा पक्का असू शकतो. मालकाने तो विचारला तर त्याला एक आयती पाहणी मिळते.

कामाच्या बोलण्याला कथेचे रूप का येते, याचा अभ्यास अमेरिकेत ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाने केला. झेरॉक्स कंपनीच्या छायाप्रत यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. कंपनीने दुरुस्तीच्या पायऱ्या सांगणारी पुस्तिका दिलेली होती. परंतु तीत न बसणारे बिघाड तंत्रज्ञ एकमेकांना जेवताना, चहा–कॉफी पिताना सांगितलेल्या हकिगतींच्या आधारे सोडवत होते. हकिगतीत यंत्र कोणत्या जागी होते, कोण ते वापरत होते, आधी कोणता चुकीचा तर्क केला आणि शेवटी दोष कुठे निघाला, हे सगळे एका धाग्यात येते, आणि म्हणूनच ती लक्षात राहते. पुढे कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा सूचना संगणकावर साठवून सर्वांना उपलब्ध करण्याची व्यवस्थाही उभारली. लासलगावात ही व्यवस्था मोबाइलवरील गटांनी आपोआप उभी केली आहे. भाव, पावसाचे अंदाज आणि रोगट पातीची छायाचित्रे क्षणात फिरतात. तरीही छायाचित्रात मान दाबून पाहता येत नाही, आणि फसलेल्या चाळीची गोष्ट माणूस चारचौघांच्या गटात लिहीत नाही, ती शेजारी उभ्या असलेल्या एकालाच सांगतो. अपयशाची माहिती ही सर्वांत किमती माहिती असते, आणि ती विश्वासाच्या बोलण्यातच उघड होते.

वेगळ्या क्षेत्रांतील माणसांत असे बोलणे जुळायचे असेल तर मात्र दोघांकडे काही समान लागते, आणि ते बहुधा छंदातून आलेले असते. नाशिक जिल्ह्यानेच याचे सर्वांत मोठे उदाहरण दिलेले आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला शिकले, छायाचित्रण करू लागले, जादूचे प्रयोग शिकले, छपाईच्या व्यवसायात उतरले. व्यवहारी नजरेला हे भरकटणे वाटले असते. १९१२ साली ते चित्रपटाचे तंत्र समजून घेण्यासाठी लंडनला गेले तेव्हा तिथे त्यांची कोणाशी ओळख नव्हती. मुंबईत ते जे ‘बायोस्कोप’ साप्ताहिक वाचत असत त्याच्या कार्यालयात ते सरळ गेले आणि संपादक कॅबर्न यांच्याशी बोलू लागले. कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यातल्या धोक्यांची जाणीव करून दिली, पण समोरच्या माणसाची तयारी ओळखून पुढे मदतही केली, आणि त्यांच्यामुळेच फाळके यांना सेसिल हेपवर्थ यांचा चित्रपटनिर्मितीचा कारखाना आतून पाहता आला. छायाचित्रातील रसायने, प्रकाश आणि छपाई यांची भाषा फाळके यांना आधीच येत होती, म्हणून थोड्या दिवसांच्या बोलण्यातून आणि पाहण्यातून ते एवढे उचलू शकले. परत येऊन त्यांनी रोपाच्या वाढीचे, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपून, छोटे चलच्चित्र तयार केले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रेक्षकांसमोर आणला. बियातून उगवणारे रोप हा त्यांचा पहिला नायक होता, ही गोष्ट शेतीप्रधान जिल्ह्याने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

लासलगावात विज्ञान आणि बाजार यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, उभारले आणि २००२ साली ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. ज्यांच्या नावाने ही संशोधन संस्था ओळखली जाते ते होमी भाभा स्वतः चित्रे काढत, संगीतात रमत आणि शास्त्रज्ञांइतकेच चित्रकारांशीही बोलत, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. ‘कृषक’मध्ये कोबाल्ट–६० या किरणोत्सारी धातूतून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले जातात. मात्रा अगदी कमी, साठ ते नव्वद ग्रे इतकी असते. ग्रे म्हणजे पदार्थाने शोषलेल्या किरणोत्साराचे एकक. एवढ्या मात्रेने कोंबाच्या टोकाशी असलेल्या वाढणाऱ्या पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही. कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, जसा क्ष-किरण काढून घेतलेला माणूस होत नाही. याच केंद्रातून २००७ साली आंब्यावर किमान चारशे ग्रे मात्रेची प्रक्रिया करून तो अमेरिकेला पाठवण्यात आला आणि तेथील बाजार भारतीय आंब्याला पुन्हा खुला झाला. तेथे हेतू कोंबाचा नसून फळातील किडीचा बंदोबस्त हा होता.

परंतु किरण कोंब थांबवतात, सड थांबवत नाहीत. जाड मानेचा, नीट न सुकवलेला कांदा किरणांखालून गेला तरी सडणारच. शिवाय सुप्तावस्था संपण्याच्या आत, काढणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, प्रक्रिया झाली तरच तिचा पुरता उपयोग होतो. त्यामुळे कोबाल्टचा अर्धायुष्यकाल सव्वापाच वर्षांहून थोडा अधिक आहे हे जाणणाऱ्या तंत्रज्ञालाही शेवटी शेतकऱ्याला तेच विचारावे लागते जे रांगेतला शेजारी विचारतो: पाणी कधी तोडले, काढला कधी, किती दिवस सुकवला. मात्रा यंत्रावर ठरवता येते, पण मालाचा पूर्वेतिहास माणसाच्या तोंडूनच कळतो.

काम आणि छंद यांची सीमा पुसली जाते ती बियाण्यापाशी. कांद्याचे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते, म्हणून ते दरवर्षी नव्याने तयार करावे लागते, आणि अनेक शेतकरी ते घरचेच धरतात. चाळीत सर्वांत शेवटपर्यंत टिकलेले, एका आकाराचे, बारीक मानेचे, दुहेरी पत्तीचे कांदे निवडून ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना येणाऱ्या फुलांच्या दांड्यांना डोंगळे म्हणतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचे गोंडे तोडून बी झाडतात. या निवडीत काही जण इतके रमतात की नफ्याचा हिशेब मागे पडतो. नाशिक भागातील स्थानिक कांद्यांतून अशाच निवडीने, पण शास्त्रीय पद्धतीने, एन–५३ आणि पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रावर एन–२–४–१ हे वाण तयार झाले, आणि शेवटचा वाण आजही उन्हाळ कांद्याचा आधार आहे.

डोंगळ्यांची एक अडचण अशी की कांद्याच्या फुलांत परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाचे पराग मधमाश्या दुसऱ्या झाडावर नेतात, आणि मधमाशी बांध ओळखत नाही. दोन वाणांच्या डोंगळ्यांमध्ये किमान एक ते दीड किलोमीटर अंतर हवे असे शास्त्र सांगते; पण नाशिक जिल्ह्यातील बहुतेकांची शेते त्याहून कितीतरी लहान असल्यामुळे हे अंतर कोणालाही एकट्याने राखता येत नाही. म्हणून दसरा–दिवाळीच्या सुमारास, लागवडीआधी, शिवारातली माणसे एकमेकांच्या बांधावर जातात, चहा होतो, मुलांच्या शाळेपासून बैलांपर्यंत सगळे बोलून होते आणि उठता उठता विचारले जाते, ‘यंदा तुम्ही डोंगळे कंचे लावता?’